पाळीचं वेळापत्रक

मैत्रिणींनो, ‘मासिक पाळी’ या दोन शब्दांतला पहिला शब्द जरा फसवा आहे, बरं का! मासिक म्हणजे महिन्याचं. दुधाचा हिशेब महिन्याचा, शाळेची हजेरी महिन्याची. मग पाळीही बरोबर तीस दिवसांनी दारात हजर व्हायला हवी, असं आपण धरूनच चालतो. ती आठ दिवस उशिरा आली की पोटात गोळा येतो. दोन महिने आलीच नाही तर झोप उडते. आईला सांगावं तर ती घाबरेल आणि मैत्रिणीला सांगावं तर वर्गभर होईल! मग काय करायचं? गप्प बसायचं आणि मनातल्या मनात झुरायचं.

मी नशिराबादला शिक्षिका आहे. जळगावहून भुसावळकडे निघालं की महामार्गावर आमचं गाव लागतं. मोठ्या वर्गातल्या मुलींसाठी आमच्याकडे एक प्रश्नपेटी आहे. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, फक्त प्रश्न लिहायचा. पेटी उघडली की निम्म्या चिठ्ठ्या याच विषयावरच्या निघतात. ‘बाई, मला एकदा पाळी आली आणि मग तीन महिने आलीच नाही. मला काही झालंय का?’ ‘बाई, माझी पाळी पंधरा दिवसांनीच परत आली.’ ‘बाई, ताईला चार दिवस असते, मला दहा दिवस. असं का?’ आणि एक चिठ्ठी तर फक्त तीन शब्दांची होती : ‘डॉक्टरांकडे केव्हा जायचं?’

या तीन शब्दांचं उत्तर आज आपण नीट शोधू या. आणि मुलांनो, तुम्ही पान उलटू नका हं! तुमच्या घरात आई आहे, बहीण आहे. ही माहिती तुम्हालाही हवीच. यात लाजण्यासारखं काही नाही. विज्ञानाच्या पुस्तकात पचनसंस्था असते ना, तशीच ही प्रजननसंस्था.

शरीरातलं लेझीम पथक

शाळेत नवं लेझीम पथक बसवताना पहिले काही दिवस काय होतं, आठवून पाहा. शिट्टी वाजते, पण ढोल उशिरा सुरू होतो. ढोल वाजतो, तर मागच्या रांगेचं पाऊल चुकतं. मुलं वाईट नसतात, ढोलही फुटका नसतो. ताल बसायला वेळ लागतो, एवढंच!

पाळीचंही अगदी असंच आहे. यात तिघांचं पथक असतं. मेंदूतला एक छोटासा भाग शिट्टी वाजवतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते, ती त्या शिट्टीवर ढोल वाजवते. तो ढोल ऐकतात ओटीपोटातली दोन अंडाशयं. मात्र हा आवाज कानांनी ऐकायचा नसतो. तो रक्तातून जातो, संप्रेरकांच्या, म्हणजेच हार्मोन्सच्या रूपाने.

अंडाशयं पहिलं संप्रेरक सोडतात, त्याचं नाव इस्ट्रोजेन. त्यामुळे गर्भाशयाच्या आतलं अस्तर हळूहळू जाड होतं. मग एका अंडाशयातून एक अंडपेशी बाहेर पडते. त्यानंतर दुसरं संप्रेरक तयार होतं, प्रोजेस्टेरॉन. हे अस्तर सांभाळून ठेवतं. बाळ राहिलं नाही, की साधारण चौदा दिवसांनी ही दोन्ही संप्रेरकं कमी होतात आणि अस्तर रक्तासोबत बाहेर पडतं. हीच पाळी. म्हणजे हे काही ‘खराब रक्त’ नव्हे. शरीराने केलेली तयारी लागली नाही, म्हणून ती आवरून ठेवली, इतकंच.

आता गंमत पाहा. पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष-दोन वर्षं अनेक महिने अंडपेशी बाहेर पडतच नाही. पथक नवं आहे ना! अंडपेशी नाही, तर प्रोजेस्टेरॉनही नाही. मग अस्तराला ‘आता पुरे’ असं सांगणारं कोणी उरत नाही. ते वाढत राहतं आणि मग कधीतरी, अवेळी, एकदम सुटतं. म्हणून सुरुवातीच्या काळात पाळी उशिरा येते, आणि उशिरा आली की कधी कधी जास्त जाते. कारण कळलं की निम्मी भीती पळते, नाही का?

अठ्ठावीसचा आकडा

‘पाळी दर अठ्ठावीस दिवसांनी येते’ हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. २८ मे हा दिवस जगभर मासिक पाळी स्वच्छता दिन म्हणून पाळला जातो. तो २०१४ पासून सुरू झाला. त्याची तारीखही याच आकड्यावरून ठरली : सरासरी २८ दिवसांचं चक्र आणि सरासरी ५ दिवस रक्तस्राव, म्हणून पाचव्या महिन्याची २८ तारीख.

पण सरासरी म्हणजे नियम नव्हे! तुमच्या वर्गातल्या मुलींची सरासरी उंची १४० सेंटिमीटर निघाली, म्हणून प्रत्येक मुलगी १४० सेंटिमीटरच असते का? २०१९ साली एका मोठ्या अभ्यासात मोठ्या वयाच्या स्त्रियांच्या सहा लाखांहून जास्त चक्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सरासरी निघाली २९ दिवसांच्या थोडी वर. आणि बरोबर २८ दिवसांची चक्रं किती होती? शंभरात सुमारे तेरा! म्हणजे अठ्ठावीसचं वेळापत्रक पाळणाऱ्या थोड्या, आणि न पाळणाऱ्याच जास्त.

शाळकरी मुलींसाठी डॉक्टर जी मापं वापरतात ती लक्षात ठेवा. पहिली पाळी बहुतेक मुलींना १० ते १५ या वयात येते. पहिल्या पाळीनंतर एक वर्ष उलटलं, की दोन पाळ्यांमधलं अंतर २१ ते ४५ दिवस असलं तर ते ठीक. रक्तस्राव २ ते ७ दिवस. तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकींचा ताल बसतो आणि अंतर २१ ते ३५ दिवसांच्या आसपास येतं.

रक्त किती जातं? पाहून वाटतं की तांब्याभर गेलं! प्रत्यक्षात एका पाळीत सगळे दिवस मिळून साधारण ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे चहाचे सहा ते आठ चमचे. ८० मिलिलिटरपेक्षा जास्त जात असेल तर मात्र ते जास्त म्हणायचं. आता हे कोणी चमच्याने मोजत नाही. पॅडवरून अंदाज येतो. दिवसाला तीन ते सहा पॅड लागणं नेहमीचं. एक किंवा दोन तासांतच पॅड पूर्ण भिजत असेल तर ते नेहमीचं नव्हे.

मोजायचं कसं?

घरोघरी भिंतीवर कालनिर्णय असतंच. आई त्यावर दुधाचा खाडा आणि गॅस सिलिंडरची तारीख लिहिते. तुम्हीही त्यावर, नाहीतर वहीच्या शेवटच्या पानावर, एक छोटा ठिपका द्यायला लागा. ज्या दिवशी रक्त सुरू झालं, तो दिवस पहिला. ठिपका त्याच दिवशी. रक्त थांबलं त्या दिवशी फुली. बस्स, एवढंच!

अंतर मोजताना बऱ्याच जणींची गफलत होते. पाळी संपल्यापासून मोजायचं नाही. एका ठिपक्यापासून पुढच्या ठिपक्यापर्यंत मोजायचं. चला, एक उदाहरण सोडवू. समजा ठिपके आहेत ४ जून, ९ जुलै, ६ ऑगस्ट आणि १६ सप्टेंबर. अंतरं किती? बोटांवर मोजा पाहू! ३५, २८ आणि ४१. तारखा पाहिल्या तर वाटतं, काहीच नियमित नाही. पण तिन्ही आकडे २१ आणि ४५ यांच्या मधलेच आहेत. शाळकरी मुलीसाठी हे ठीक.

आता दुसरी वही. ठिपके ४ जून आणि २० सप्टेंबर. अंतर १०८ दिवस. इथे मात्र थांबायचं आणि आईला सांगायचं. का, ते पुढे वाचा.

ही यादी कापून ठेवा

खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. ‘बघू पुढच्या महिन्यात’ असं नाही.

१. वय १५ पूर्ण झालं तरी पहिली पाळी आलेली नाही. किंवा छातीची वाढ सुरू होऊन तीन वर्षं झाली तरी आलेली नाही.

२. वय १३ झालं तरी छातीची वाढच सुरू नाही. उलट, आठ वर्षांच्या आतच अशी वाढ सुरू झाली तरीही दाखवायचं.

३. पाळी सुरू झालेली आहे, पण मध्ये ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला. अगदी एकदाच पडला तरी.

४. पहिल्या पाळीला वर्ष होऊन गेलं, तरी अंतर सारखं २१ पेक्षा कमी किंवा ४५ पेक्षा जास्त.

५. रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त. किंवा दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जातं.

६. एक-दोन तासांत पॅड भिजतो, मोठ्या गाठी जातात, रात्री उठून पॅड बदलावा लागतो.

७. पोटदुखी इतकी, की दर महिन्याला शाळा बुडते.

८. दर महिन्याला पोट दुखतं, पण रक्त कधीच येत नाही. आत रक्त साचत असू शकतं, म्हणून हे अंगावर काढू नये.

९. पाळी अनियमित आहे आणि सोबत हनुवटीवर, ओठांवर राठ केस, खूप मुरुमं, भराभर वाढणारं वजन. किंवा उलट, एकदम उतरलेलं वजन.

१०. पाळीत रक्त जास्त जातं आणि शिवाय घोळणा वारंवार फुटतो, हिरड्यांतून रक्त येतं, थोडं लागलं तरी काळंनिळं होतं.

आणि हे लाल अक्षरांत लिहून ठेवा : सलग दोन-तीन तास दर तासाला पॅड भिजत असेल, चक्कर येऊन पडायला होत असेल, छाती धडधडत असेल, दम लागत असेल, किंवा पोटात असह्य कळ येत असेल, तर उद्याची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी दवाखाना. वाहन नसेल तर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची.

उशीर का होतो?

पहिल्या दोन वर्षांत बहुतेक वेळा कारण एकच : पथक नवं आहे. पण इतरही कारणं असतात.

पोटभर न खाणं हे एक मोठं कारण. शरीर फार हुशार आहे. आत पुरेसं इंधन नाही असं दिसलं, की मेंदू पहिली शिट्टीच वाजवत नाही. ‘बारीक व्हायचंय’ म्हणून जेवण सोडणाऱ्या मुली, आणि कबड्डी-खोखोचा, धावण्याचा कसून सराव करून नीट न जेवणाऱ्या मुली, दोघींचीही पाळी थांबू शकते. खेळ सोडू नका, जेवण वाढवा! पाळी बराच काळ बंद राहिली तर इस्ट्रोजेन कमी पडतं आणि हाडांची बळकटी घटते. हाडं भरून घ्यायचं वय तर हेच.

दुसरं कारण ताण. दहावीची परीक्षा, घरातलं आजारपण, वसतिगृहातली नवी जागा, याने पाळी मागेपुढे होते. तिसरं, गळ्यातल्या अवटू ग्रंथीचा बिघाड, ज्याला आपण थायरॉइड म्हणतो. साध्या रक्ततपासणीने तो कळतो आणि गोळीने आटोक्यात राहतो.

चौथं कारण आजकाल सगळ्यांच्या तोंडी असतं : पीसीओएस. स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९३५ साली त्याचं वर्णन केलं. यात काही संप्रेरकं प्रमाणाबाहेर वाढतात, अंडपेशी वेळेवर बाहेर पडत नाही, पाळी लांबते. पण एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. या वयात सोनोग्राफीत अंडाशयावर बरेच छोटे फुगवटे दिसणं अगदी सामान्य आहे. म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांच्या आत नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवायचं नसतं. अनियमित पाळी आणि वाढलेल्या संप्रेरकांची खूण, या दोन्ही गोष्टी असल्या तरच तसं म्हणता येतं. तेव्हा एका कागदावरचा शब्द वाचून रडत बसू नका.

पांढरी नखं

आमच्या शाळेत सातवीत एक मुलगी होती. पहिला नंबर कधी सोडला नाही. दिवाळीनंतर ती प्रार्थनेच्या वेळी भिंतीला टेकायला लागली. जिना चढली की दम लागायचा. सगळे म्हणायचे, आळशी झाली. पाळी दर वेळी बारा-बारा दिवस चालायची, आणि घरी सांगितलं जायचं, ‘अंगात उष्णता आहे, सुरुवातीला असंच असतं.’ एके दिवशी तिची नखं पाहिली तर ती पांढरीफटक! तिची आई शाळेत आली, दोघी दवाखान्यात गेल्या. हिमोग्लोबिन निघालं सात. बाराच्या वर हवं तिथे सात! डॉक्टरांनी रक्तस्राव आटोक्यात आणणारं औषध दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन-चार महिन्यांत पोरगी पुन्हा लेझमीच्या पहिल्या रांगेत आली.

ती आळशी नव्हती, तिच्या रक्तातलं लोह वाहून चाललं होतं. हा काही एकटीचा प्रश्न नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींपैकी ५९ जणींमध्ये रक्तक्षय आढळला. शंभरात एकोणसाठ! तुमच्या बाकावर दोघी बसत असाल, तर त्यातली एक तरी.

म्हणून शाळेत आठवड्याला मिळणारी ती निळी गोळी खिशात लपवू नका. तिच्यात लोह आणि फॉलिक अॅसिड असतं. जेवण झाल्यावर घ्या, म्हणजे मळमळत नाही. शौचाचा रंग काळा झाला तर घाबरू नका, तो लोहाचाच रंग. जंताची गोळीही चुकवू नका, कारण जंत आतल्या आत रक्त पितात. आणि ताटात काय? आपल्या खानदेशात काय कमी आहे! बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, मेथी, मटकी, शेंगदाणे, तीळ. खाणाऱ्यांनी मांस-मासे. वर लिंबू पिळा, कारण लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. मात्र जेवणावर लगेच चहा नको. चहा लोह अडवतो. एक-दीड तास थांबा.

गडचिरोलीत काय दिसलं?

आता महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाची एक खरी गोष्ट. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तेव्हा खेड्यातल्या बायकांच्या आरोग्याचा विचार म्हणजे फक्त बाळंतपणाचा विचार, असंच सगळीकडे होतं. राणीताईंच्या लक्षात आलं की बायका पाळीच्या, अंगावरून जाण्याच्या तक्रारी दबक्या आवाजात बोलतात. मोठ्याने मात्र ‘काही नाही, बरं आहे’ म्हणतात. मग वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी झाली. १९८९ च्या जानेवारीत ती ‘लॅन्सेट’ या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. निष्कर्ष काय? शंभरातल्या ९२ जणींना स्त्रियांच्या आजारांपैकी काही ना काही होतं. आणि त्याआधी कधी डॉक्टरकडून तशी तपासणी करून घेतलेल्या किती? शंभरात आठ!

म्हणजे दुखणं घरोघरी होतं. शब्द मात्र कुणाच्याच ओठांवर नव्हता. जगातल्या डॉक्टरांना या विषयाकडे वळून पाहायला लावलं, ते आपल्या गडचिरोलीतल्या दोन खेड्यांनी.

गप्प बसण्याचं दुसरं टोकही महाराष्ट्राने पाहिलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी राज्य सरकारच्या समितीने २०१९ साली केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढून टाकलेली आढळली. कितीतरी जणींची तक्रार सुरुवातीला साधीच होती : अनियमित पाळी, पोटदुखी, अंगावरून पांढरं जाणं. कामाचा खाडा परवडत नाही, वेळेवर तपासणी नाही, आणि मग एकदम शस्त्रक्रिया. मुलींनो, वेळेवर विचारलेला एक प्रश्न किती मोलाचा असतो, हे यावरून कळतं.

डॉक्टरांकडे गेल्यावर

‘डॉक्टर काय करतील?’ ही भीती चिठ्ठ्यांमध्ये फार असते. म्हणून सांगते. बहुतेक वेळ बोलण्यातच जातो. शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली? किती दिवस गेली? किती पॅड लागले? पहिली पाळी कोणत्या वर्षी आली? तुमची ठिपक्यांची वही इथे कामाला येते. ती घेऊनच जा.

मग वजन, उंची, रक्तदाब, डोळ्यांच्या पापण्या पाहणं. गरज असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडसाठी रक्त. सोनोग्राफी लागली तर ती पोटावरून करतात. पाणी पिऊन मूत्राशय भरलेलं ठेवायचं, पोटावर थंड मलम लावतात, दुखत नाही. शाळकरी मुलींची आतली तपासणी सहसा लागत नाही. आई, मावशी, आजी कुणीतरी जवळ थांबू शकतं. डॉक्टरीणबाई हव्यात असं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. आणि डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीने बोलायचं असेल तर तेही सांगा.

एक नाजूक गोष्ट. कुणी नको तिथे हात लावला असेल, जबरदस्ती केली असेल, तर ते डॉक्टरांना किंवा विश्वासातल्या मोठ्या माणसाला नक्की सांगा. त्यात तुमची चूक कधीच नसते. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक फुकट आहे.

जायचं कुठे? आधी गावातल्या आशाताई किंवा उपकेंद्रातल्या सिस्टर. मग प्राथमिक आरोग्य केंद्र. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम चालतो. त्यातल्या सल्ला केंद्रांना आपल्या महाराष्ट्रात ‘मैत्री’ असं छान नाव आहे. सरकारी रुग्णालयात गेलात की त्याची चौकशी करा. मोठी तपासणी लागली तर जळगावला आणि धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत.

आता आई-बाबांसाठी

हा भाग आईने वाचावाच, पण बाबांनीही वाचावा. मुलीला घेऊन दवाखान्यात जायला बसभाडं, एक दिवसाची रजा लागते, आणि ती मंजूर करणारे पुष्कळदा बाबा असतात.

‘लग्न झालं की आपोआप ठीक होईल’ हे वाक्य कृपा करून घरातून हद्दपार करा. थायरॉइड लग्नाने बरा होत नाही, रक्तक्षयही नाही.

घरात पूजा, लग्न, गणपती आहेत म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून परस्पर आणून मुलीला देऊ नका. ती संप्रेरकाचीच गोळी असते. आत्ताच कुठे ताल बसू पाहणाऱ्या पथकात आपण बाहेरून ढोल बडवतो आहोत, हे लक्षात घ्या. गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत रक्त येतंच, आणि पुढच्या तारखा समजेनाशा होतात. तसंच पाळी ‘आणण्यासाठी’ काढे आणि दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीवरची औषधंही नकोत.

पाळीच्या दिवसांत मुलीला कोपऱ्यात बसवणं, दूध-दही-लोणचं बंद करणं, याला वैद्यकशास्त्रात काही आधार नाही. उलट याच दिवसांत तिला चांगलं जेवण, झोप आणि स्वच्छ पॅड किंवा उन्हात वाळवलेलं स्वच्छ कापड हवं. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचा. पोट दुखलं तर गरम पाण्याची पिशवी, थोडं चालणं. दुखण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : तिने सांगितलं तर ऐका. ‘आम्हाला नाही झालं कधी असं’ हे उत्तर नव्हे. तिने एकदा विचारलं आणि तुम्ही हसलात, तर दुसऱ्यांदा ती विचारणार नाही.

तर मग, ठरलं?

मैत्रिणींनो, आज तुम्हाला दोनच कामं देते. गृहपाठच समजा! पहिलं, शेवटची पाळी ज्या तारखेला सुरू झाली तिथे ठिपका द्या. तारीख आठवत नसेल तर पुढच्या वेळेपासून सुरू करा. ज्यांना अजून पाळी आलेली नाही, त्यांनी वहीत पान तरी करून ठेवा. दुसरं, ती दहा मुद्द्यांची यादी कापून आईला वाचून दाखवा. तोंडाने सांगवत नसेल तर ज्या मुद्द्यावर अडलं आहे त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि कागद तिच्या हातात द्या. आई नसेल तर आजी, काकू, ताई, शाळेतल्या बाई, कुणीही चालेल.

पाळी थोडी मागेपुढे झाली तर घाबरायचं नाही. यादीतलं काही दिसलं तर थांबायचं नाही. आणि मैत्रिणीने कानात काही सांगितलं, तर हसायचं नाही, तिला घेऊन मोठ्या माणसाकडे जायचं. बस्स, इतकं जमलं की झालं!